भुताला भेटायला जाणारे इंगळेभाऊ

अमक्या ठिकाणी भूत दिसलं असं कोणी सांगत आलं, की इंगळेभाऊ आधी विचारायचे, "जेवले होते का तुमी तवा?" मग किती वाजले होते ते विचारायचे, वारा कोणीकडून होता ते विचारायचे. समोरचा माणूस घाम पुसून पाणी मागेपर्यंत इकडे त्यांची पिशवी भरून तयार. पिशवीत तापमापी, होकायंत्र, गवंड्याचा ओळंबा आणि फडक्यात बांधलेलं ज्वारीचं पीठ. हे पीठ जमिनीवर पसरायचं, म्हणजे कोणी आलं-गेलं तर पाऊल उमटतं, अशी त्यांची रीत होती.

मेहकर तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते आणि मी मराठीचा मास्तर. मी रुजू झालो त्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुमी नवीन हा. कोनाची बाजू नाई तुमाले. साक्षीदार म्हून याल का?" मला वाटलं, बांधावरचं काही भांडण असेल. रविवारी भर बाराच्या उन्हात त्यांनी मला सुलतानपूरजवळच्या एका पडक्या गोदामात नेऊन बसवलं तेव्हा उलगडा झाला. त्या गोदामात दुपारी बाई रडते म्हणत. मी मुळातला भित्रा माणूस. दाराजवळची जागा धरून बसलो.

दुपारीच काऊन, असं त्यांना बरेच जण विचारत. ते म्हणायचे, "भूत रातचंच येते असं कोनी सांगतलं? रातच्याले मानसाले झाड बी भूत दिसते. उजेडात जे दिसन ते खरं."

एकच्या सुमाराला खरोखर हुंदका ऐकू आला. मी उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरून खाली बसवलं आणि स्वतः पिठावरून न जाता भिंतीकडेनं चालत गेले. भिंतीत लोखंडी पाइपाचा एक तुटका तुकडा राहिला होता. वाऱ्याची झुळूक त्याच्या तोंडावरून गेली की तो रडायचा. इंगळेभाऊंनी त्यावर तळहात ठेवला, रडणं थांबलं. हात काढला, पुन्हा सुरू. गावकऱ्यांनी नारळ फोडला, आम्हाला चहा पाजला. एकटे इंगळेभाऊ तेवढे उदास होते. फाट्यावर एसटीची वाट बघताना म्हणाले, "येथं बी काई नाई निघालं, सर."

मला तेव्हा ते दमल्यामुळे बोलतायत असं वाटलं. पुढे वर्षानुवर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडलो. कधी चिंचेखाली, कधी बंद पडलेल्या कापसाच्या जिनात, एकदा तर हिवरा आश्रमाच्या वाटेवरच्या एका पुलाखाली. प्रत्येक ठिकाणी काहीतरी साधंच निघायचं. घुबडाची पिल्लं निघायची, सैल पत्रा निघायचा, नाहीतर कोणाचा तरी वात्रटपणा. लोकांनी त्यांना अंधश्रद्धा घालवणारा म्हणून डोक्यावर घेतलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण करा म्हणून मुख्याध्यापक मागे लागले, तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी सांगा ना त्याइले. मी भूत काढाले नाई जात, सर. भेटाले जातो."

मी हसलो. हसायला नको होतं, हे आता कळतं.

संग्रामपूरकडच्या एका गावातली गोष्ट. एका घरात सून आल्यापासून दुपारी, लग्नात नव्यानं ठोकलेल्या फळीवरची भांडी आपोआप खाली पडत. सुनेच्या अंगात काही आहे म्हणून तिला आठ दिवस कोणी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. पोरगी ओसरीत खाली मान घालून बसलेली. इंगळेभाऊंनी फळीला ओळंबा लावला, भिंतीवर तळहात ठेवून ते बसून राहिले. बाराला शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, भिंत थरथरली आणि एक गडवा घरंगळत आला. त्यांनी तो वरच्या वर झेलला आणि सासूच्या हातात दिला. "मायबाई, फळी वाकडी हाये. सून नाई." ती पोरगी त्यांच्या पाया पडली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "गिरनी सुरू झाली म्हून डोळ्यात पीठ गेलं." गिरणी होती भिंतीपलीकडे.

परतीच्या गाडीत ते पहिल्यांदा बायकोबद्दल बोलले. सुमनवहिनी मी येण्याआधीच गेल्या होत्या. यांची शाळेत प्रात्यक्षिकं चालू होती आणि तिकडे घरी त्या छातीत दुखून गेल्या. शेवटचा शब्द झाला नाही. दहाव्याला पैनगंगेच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. "पोराचं लगन करून देतो म्हनलो. तुह्या बहिनीले अंतर देनार नाई म्हनलो. जे जे सुचलं ते ते म्हनलो, सर. दोन तास. मंग दर्भाचा कावळा करून शिवला." ते खिडकीबाहेर बघत होते. "तेवीस वर्सं संसार केला आन् तिचं काय राह्यलं होतं ते मले सांगता आलं नाई. कोनी एक जरी खरं भेटलं ना, तं भेटता येते एवढं तरी समजन. मंग मी तिले इचारीन."

रिकाम्या हातानं परतताना पडणारा तो चेहरा मी इतकी वर्षं बघत होतो आणि त्याला दमणूक समजत होतो.

ते निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. आमच्या एका नातलगाच्या दहाव्याला मी त्याच घाटावर गेलो होतो. तिथले म्हातारे न्हावी जुन्या गोष्टी सांगत बसले. बोलता बोलता म्हणाले, "एका साली तं लय कहर झाला. या वरच्या तारेले एक कावळा चिटकून मेला. पंधरा दिवस एक बी कावळा घाटाकडं फिरकला नाई. ज्याच्या-त्याच्या पिंडाले दर्भाचाच. तुमच्या शाळेतले ते इंगळे बिचारे दोन तास हात जोडून उभे होते."

मला कोण आनंद झाला. इतक्या लोकांच्या डोक्यावरचं ओझं उतरवणाऱ्या माणसानं स्वतःचं प्रकरण तेवढं कधी तपासलंच नव्हतं, आणि त्याचं उत्तर आज माझ्या हाती लागलं होतं. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "त्यानं सोता पाह्यलं का?"

आठ दिवसांनी ते माझ्याकडे आले. चार घरी जाऊन विचारलं होतं त्यांनी. "बरोबर हाये तुमचं, सर. त्या पंधरा दिवसात कोनालेच शिवला नाई." मग म्हणाले, "म्हनजे तिचं काईच राह्यलं नव्हतं."

"चांगलंच ना, भाऊ," मी म्हणालो, "वहिनी सुखानं गेल्या."

"हाव. चांगलंच." चहा तसाच ठेवून ते उठले. दारात थांबले. "मले इतकी वर्सं वाटे, ती थांबून हाये कुठं तरी. माह्यासाठी नसन, त्या राह्यलेल्या गोष्टीसाठी असन. पन थांबून हाये." चप्पल घालून ते निघून गेले.

त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत. बोलावणी यायची, तर "पाय दुखून राह्यले" म्हणायचे. मी दोन-तीनदा मुद्दाम जाऊन एखादी नवी जागा सांगून पाहिली. ते ऐकायचे, पण कोणी जेवलं होतं का हेसुद्धा विचारायचे नाहीत. मी त्यांचं ओझं उतरवायला गेलो आणि त्यांची बायको दुसऱ्यांदा नेली. हे मी कोणाला बोललो नाही, आज लिहितोय. त्याच हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले.

दहाव्याला मी घाटावर होतो. त्यांच्या पोरानं पिंड ठेवला आणि मी सवयीनं वर बघितलं. आता तिथे उघडी तार नव्हती, जाड केबल होती. घार नव्हती, वारा पडलेला. पलीकडे दुसऱ्या कोणाचा पिंड होता, त्याला कावळा लगेच शिवला. इंगळेभाऊंच्या पिंडाजवळ मात्र यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि मागे उडी मारायचा. पोरगा म्हणाला, घर नीट ठेवतो. सून म्हणाली, नातवाला शिकवते. कावळा जागचा हलेना. मी चारी बाजूंनी पाहिलं. कारण सापडलं नाही.

म्हातारे न्हावी माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमी काई तरी म्हना. तुमचा दोस्त होता."

काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. वहिनींचं राहिलं होतं, इंगळेभाऊ, त्या थांबल्यात. एवढंच. पण ज्या माणसानं जन्मभर एकही खोटी गोष्ट खरी मानून घेतली नाही, त्याच्यासमोर ते म्हणायला माझी जीभ रेटेना. मी नुसता हात जोडून उभा राहिलो. ऊन चढलं तेव्हा पोरानं दर्भाचा कावळा केला, आणि आम्ही सगळे घरी आलो.