पुढच्या फळीवरचा रुमाल

मळ्यात झेंडूवर फवारणी चालली होती. पंपाच्या पेट्रोलचा वास आला आणि मला मालवणजवळच्या बेटाकडे नेणारी ती छोटी बोट आठवली. स्टिअरिंग मधोमध, इंजिन मागे.

बोटीत चढताच सासूबाईंनी एसटीत टाकतात तसा अगदी पुढच्या फळीवर रुमाल टाकला.

"आजी, पुढे लई आपटतं. मागे बसा," बोटवाला म्हणाला.

"जागा धरली हाय. उठायची नाय!"

किनारा सुटला तशा त्या प्रत्येक लाटेला उडू लागल्या. चिंब भिजून खदखदून हसत होत्या. मी मागून त्यांचा पदर मुठीत धरून ओरडत होते, "आई, पडाल!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

जन्मभर त्या नाशिकच्या बाजाराला टेम्पोच्या मागे, फुलांच्या क्रेटआड बसून गेल्या. त्या दिवशी त्यांच्यापुढे नुसता समुद्र होता.