नकारार्थी वाक्याचा तास

श्रीमती विमलताई रामटेके यांना आम्ही विद्यार्थिनी आजही ‘मॅडम’च म्हणतो. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसले आणि सगळ्यांत आधी आठवली ती भीती. गौरवलेखात भीतीचे काय काम, असे कुणी विचारील. पण ती वगळली तर मॅडमनी आमच्यासाठी काय केले हे कळायचे नाही.

मॅडम आमच्या शाळेत मराठी शिकवायला आल्या तेव्हा मी नववीत होते. घाटंजीच्या रस्त्यावर फाट्याला उतरून आत पायी जावे लागे, असे आमचे गाव. कापसाची ती वाईट वर्षे. बोंडे अर्धवट उमलून वाळत आणि हाती आलेल्या कापसाला भाव नसे. आसपासच्या एखाद्या गावातून सारखी काहीतरी वाईट बातमी येई. संध्याकाळी घरचा माणूस शेतातून वेळेवर परतला नाही की बाया दारात येऊन उभ्या राहत. आमची आई फवारणीचे औषध रोज नव्या जागी लपवून ठेवी. ती कारण सांगत नसे, आम्हीही विचारत नसू.

पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर ‘शेतकरी’ हा शब्द लिहिला आणि लिंग बदलायला सांगितले. आम्ही एका सुरात म्हटले, “शेतकऱ्याची बायको!”

“कापूस कोण वेचतं? निंदण कोण करतं?” त्यांनी विचारले.

“आई.”

“मग ती कोणाची कोण, ते नका सांगू. ती स्वतः कोण, ते सांगा.”

मॅडमनी ‘शेतकरीण’ लिहिले आणि आम्ही सगळ्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला. पुढे त्यांच्या तासांची हीच रीत झाली. धडा एखाद्या लेखिकेचा असला की ती शिकली कशी, तिला अडवले कुणी, हे त्या आधी सांगत. शब्दार्थ शिकवताना ‘वारसा’ शब्द आला, तर बापाच्या जमिनीत मुलीचाही वाटा असतो, हे त्या सांगितल्याशिवाय पुढे जात नसत. आमच्या बोलण्यातल्या ‘मले-तुले’ला त्या कधी हसल्या नाहीत. “पेपरात ‘मला’ लिहा, घरी ‘मले’ म्हणा. दोन्ही आपलंच आहे,” असे त्यांचे म्हणणे.

एकदा वाक्यरूपांतराचा तास होता. होकारार्थी वाक्याचे नकारार्थी करायचे होते. मॅडमनी वाक्य दिले, ‘मला हे लग्न मान्य आहे.’ मुलींपैकी एकेकीला उभे करून त्यांनी उत्तर मोठ्याने म्हणायला लावले. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. त्याच आठवड्यात आमच्या घरी मुकुटबनकडचे पाहुणे येऊन मला पाहून गेले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते, पण माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळले असावे. “अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे,” एवढे सांगून त्यांनी मला बसायला सांगितले.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, आणखी दोघांना घेऊन मधल्या सुट्टीत शाळेत आले. मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीपाशी होते. मोठे बाबाच बोलले.

“मॅडम, पोरींले भाषा शिकवा. लग्नाचं आमचं आम्ही पाहून घेऊ. तुमच्या लोकांत चालत असन हे, आमच्यात नाही चालत.”

मॅडमनी हातातली हजेरी मिटून टेबलावर ठेवली. आवाज शांत होता. “भाऊ, मी भाषाच शिकवून राह्यले. नाही म्हणता येणं हेही भाषेतच येतं.”

हेडसरांनी त्यांना पुस्तकाबाहेर न जाण्याची समज दिली. काही मुलींचे शाळेत येणे थांबले. मॅडम ज्या खोलीत भाड्याने राहत होत्या, ती घरमालकाने रिकामी करून मागितली. त्या घाटंजीहून बसने येऊ-जाऊ लागल्या. फाट्यावर त्या एकट्या उभ्या असल्या की मोटारसायकली त्यांच्याभोवती घिरट्या घालून जात. आता या येणार नाहीत, असे आम्हाला रोज वाटे. त्या येत, हजेरी घेत आणि कालच्या ठिकाणाहून धडा पुढे नेत.

अखेर माझे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. साडी नेसवून मला पाटावर बसवले. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी रीत म्हणून विचारले, “काय पोरी, पसंत आहे ना?” पहिल्यांदा मी काय बोलले ते कुणालाच ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा म्हटले, “मले हे लग्न मान्य नाही. मले शिकायचं आहे.”

आजोबा काठी टेकत उठले. “पोरगी नाही म्हणून राह्यली, चला,” एवढेच ते बोलले. मोठे बाबा माझ्या अंगावर धावून आले, आई आडवी आली. वडील मात्र घराबाहेर पडले.

दिवस कलला तरी ते परतले नाहीत. आई औषध शोधू लागली, आणि आपणच ते कुठे ठेवले हे भीतीने तिला आठवेना. माझ्या वाक्याने बाप जाणार, या विचाराने मीही तिच्यासोबत कोपरे धुंडाळू लागले. माझी मैत्रीण कांता धावत फाट्यावर गेली. मॅडम बसची वाट पाहत होत्या. बस सोडून त्या आल्या आणि आईसोबत आम्ही शेताकडे निघालो.

वडील धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. हात रिकामे होते.

“मॅडम, मी भेलो होतो, म्हणून हिचं लग्न जमवलं,” वडील म्हणाले. “उद्या माह्यं काही झालं तं हिले कोण पाह्यन?”

मॅडम त्यांच्यापासून थोड्या अंतरावर धुऱ्यावरच बसल्या. आणि वर्गात कधी न बोललेल्या बोलीत म्हणाल्या, “मीबी भेते, भाऊ. रोज फाट्यावर उतरली की पाय लटपटतात. पण आपल्या भेवाची शिक्षा पोरीले कायले?”

वडील रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिले. जूनमध्ये त्यांनी स्वतः मला दहावीच्या वर्गात आणून बसवले.

सगळ्यांचे असे झाले नाही. कांताचे लग्न त्याच उन्हाळ्यात लागले आणि मॅडमना ते थांबवता आले नाही. तो सल त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. दर दिवाळीनंतर त्या कांताच्या सासरी जात, तिच्या मुलींना वाचायला पुस्तके देत. तिची थोरली मुलगी आज नर्सिंगला आहे.

मी बाभुळगावला मराठी शिकवते. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली एक मुलगी अचानक शाळेत यायची थांबली; घरी तिच्या लग्नाची बोलणी चालल्याचे कानावर आले. तिच्या घरी जायला माझे धाडस होईना, म्हणून मी मॅडमना फोन केला. त्यांच्या गुडघ्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे. माझे सारे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “एकटी जाऊ नको. मी येते. बस किती वाजता आहे, तेवढं सांग.”

आणि त्या आल्या. अशा आमच्या मॅडमच्या पायांत पुष्कळ वर्षे बळ राहो, त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. ती मुलगी अजून शाळेत आलेली नाही. येत्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा तिच्या घरी जाणार आहोत.