मूळ कुठलं, शेंडा कुठला: केस शिकायला कोल्हापुरात

मी आटपाडीची. घरातली पहिली पदवीधर, रसायनशास्त्राची. केस कुरळे. लहानपणी शाळेत मला झिपरी म्हणायचे. आई रविवारी तेल थापून बारीक फणीनं कोरडेच केस ओढायची, मी रडायचे, आणि फणीत केसांचा झुबका यायचा. पुढं कॉलेजात केसांबद्दल मिळेल ते वाचत गेले. सरळ, लाटदार, कुरळे, त्यातही जाड धाग्याचे, बारीक धाग्याचे, पाणी चटकन पिणारे आणि पाणी अंगाला लावून न घेणारे. गेल्या वर्षापासून तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात जाऊन मी हे सांगते. पण वसतिगृहातल्या एका मुलीनं आपली वेणी माझ्या हातात देऊन विचारलं, "माझे कोणते?" आणि मला सांगता आलं नाही. पुस्तकातली चित्रं डोळ्यांसमोर होती, हाताला मात्र काही कळत नव्हतं.

म्हणून कोल्हापूरला जायचं ठरवलं. शिवाजी पेठेत जैबून मावशी राहतात, गंगावनं करतात. नव्या मुलींना गंगावन माहीत नसेल, तर सांगते: वेणी लांब आणि दाट दिसावी म्हणून तिच्यात गुंफायचा खऱ्या केसांचा जुडगा. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. डोळे मिटून नुसत्या चिमटीवर त्या केस ओळखतात, असं आमच्या ओळखीच्या एका ब्यूटी पार्लरवाल्या बाईंकडून ऐकलं होतं. फोन केला तर म्हणाल्या, हाताखाली एक जण घ्यायचाच आहे, ये, बघू. मी घरी सांगून टाकलं की सहा महिने कोल्हापुरात शिकायला राहणार. मैत्रिणींना सांगितलं. वसतिगृहातसुद्धा सांगितलं.

पहिला दिवस

आटपाडीहून सकाळी साडेसहाची एसटी, विटा, तासगाव करत सांगली. तिथं गाडी बदलून जयसिंगपूर, हातकणंगले आणि कोल्हापूर. सगळे मिळून पाच तास धरा. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे खर्च फार नाही. सांगली स्टँडवर चहा घ्या, वडापाव घेऊ नका, मी पस्तावले. खिडकीची जागा मिळाली तर केस बांधून घ्या. कुरळ्या केसांत वारा शिरला की गाठी सोडवायला संध्याकाळ जाते. सुती ओढणी घट्ट गुंडाळली की काम भागतं.

मुक्काम गडमुडशिंगीला आत्याकडे. स्टँडवरून सिटी बस मिळते. आत्याची मुलगी वनिता, वनी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावीत एकदा नापास झाली, मग बसलीच नाही. तिचे केस गुडघ्याच्या थोडे वर येतात. सरळ, काळेभोर. लहानपणापासून सुट्टीत तिच्या शेजारी बसवून आमचे फोटो काढायचे आणि सगळे नातेवाईक तिच्याच केसांबद्दल बोलायचे. वाचकहो, खरं सांगते, इतकं शिकूनही मला तिचा हेवा वाटतो. या वेळी बसमधून उतरून घरी पोचले तर ती अंगणात केस वाळवत उभी होती, आणि पाच तासांचा प्रवास करून आलेली मी डोक्याला ओढणी बांधून.

मग पाण्याचाही हेवा वाटला. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबणाला फेस येत नाही, न्हाल्यावर केस झाडूसारखे. इथं दुपारी न्हाले तर केस हाताला मऊ लागले. मी मुलींना नेहमी सांगते की केस धुण्याआधी पाण्याचा विचार करा, जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या तरी साठवलेल्या पावसाच्या किंवा उकळून निवळलेल्या पाण्याचा घ्या. त्या दिवशी ते स्वतःच्या डोक्यावर अनुभवलं.

आत्यानं रात्री तांबडा-पांढरा रस्सा केला. मी शिकायला जाणार म्हटल्यावर मामा, म्हणजे आत्याचे यजमान, ते एमआयडीसीत लेथवर असतात, भाकरी मोडता मोडता सगळ्या घराला सांगत राहिले की आपल्यात हीच एक शिकली. ते ऐकायला बरं वाटलं. सोबत म्हणून वनीला घेऊन जा, असं आत्यानं ठरवलं. वनी म्हणाली, "मी येतो की. घरात बसून काय करू?" कोल्हापुरात मुलीही 'येतो, जातो' म्हणतात, मला ते फार आवडतं.

दुसरा दिवस

सकाळी पेठेत मिसळ खाल्ली. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो आणि कट पाहिजे तेवढा वाढतात. दोघींचं पोट शंभर-सव्वाशेत भरतं. पुढं गल्लीवर फुटबॉल संघांच्या पताका, तालमीसमोर लावलेल्या गाड्या, त्यातून वाट काढत मावशींचं घर. मुद्दामच गल्ली सांगत नाही, त्यांना गर्दी आवडत नाही. पेठेत कुणालाही गंगावनवाल्या मावशी विचारा, दारापर्यंत आणून सोडतात.

एकच खोली. भिंतीला काळे, तपकिरी जुडगे टांगलेले. मध्ये लाकडी फळी, तिच्यावर उभे खिळे ठोकलेले. त्यातून केस ओढून विंचरतात. कोपऱ्यात टोपलीभर गुंतवळ, म्हणजे बायकांच्या फणीत अडकून आलेले केस. केसांवर भांडी देणाऱ्या बायका दारोदार फिरून ती गोळा करून आणतात. सोडा आणि साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुऊन मग मावशी तिला हात लावतात.

जैबून मावशी साठीच्या. त्यांनी वर्गवारीला स्वयंपाकघरातली नावं ठेवली आहेत. सरळ बारीक केस म्हणजे शेवया. जाड सरळ म्हणजे सुतळी. कुरळे म्हणजे कुरडई. माझ्या डोक्याकडे बघून पहिलंच वाक्य: "ही तर ओली कुरडई. हिला कोरडी विंचरतंय कोण?" मी आईचं नाव सांगितलं नाही.

त्या बोलत होत्या आणि मी वहीत लिहीत होते, तुमच्यासाठी इथं देते. सरळ केसांवर टाळूचं तेल घसरत शेंड्यापर्यंत जातं, म्हणून ते लवकर तेलकट दिसतात, त्यांना वरून तेल कमी आणि धुणं जास्त. कुरळ्या केसांत तेल वळणावळणावर अडतं, शेंडे कोरडेच राहतात, म्हणून तेल शेंड्यांना, टाळूला थोडं. कुरळे केस ओले असतानाच, आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या फणीनं, शेंड्याकडून वर सोडवत जायचे. टॉवेलनं घासायचं नाही, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं टिपायचं. बारीक केसांना ओले असताना ओढ सहन होत नाही, तिथं हात हलका. यातलं बरंच मला ठाऊक होतं आणि मी ते मध्येमध्ये सांगतही होते. केसावर खवले असतात, ते मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले असतात, हेही सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुझं," त्या म्हणाल्या. "आता दाव. ह्या केसाचं मूळ कुठलं?"

गुंतवळीतल्या तुटक्या, धुतलेल्या केसाला मूळ दिसत नाही. दोन्ही टोकं सारखीच. पण गंगावनात सगळी मुळं एका बाजूला आणि सगळे शेंडे दुसऱ्या बाजूला हवेत, नाहीतर खवले एकमेकांत अडकतात आणि पहिल्याच न्हाणाला गठ्ठा होतो. मी केस उजेडात धरला. वहीत बघितलं. एक टोक सांगितलं, चुकलं. दहा केसांत पाच बरोबर आले, म्हणजे मी न बघताच सांगितलं असतं तरी तेवढे आलेच असते.

वनी दारात बसून रस्त्यावर बघत होती. तिच्या मांडीवर एक केस उडून पडलेला. तिनं तो उगाच चिमटीत धरून अंगठा पुढंमागं केला आणि म्हणाली, "ह्यो आपला एकाच बाजूला सरकतोय की."

मावशींचा हात थांबला. केस असा चिमटीत चोळला की खवल्यांमुळे तो मुळाच्या दिशेनं सरकत जातो. हीच त्यांची खूण. मला खवले माहीत होते, त्यांचा कल माहीत होता, पण केस चिमटीत धरून बघावा हे सुचलं नव्हतं. मावशींनी वनीला दहा केस दिले. तिनं दहाच्या दहा सांगितले. तिला ती गंमत वाटत होती. मी हसून "वा" म्हटलं. केस तिचेच चांगले, आता बोटंही तिचीच?

मावशींनी दोघींना मूठभर गुंतवळ घरी दिली. सोडवून, मुळं एकीकडे करून, जुडगा बांधून उद्या आणा म्हणाल्या. आत्यानं ती पिशवी उंबऱ्यातच अडवली. आमच्याकडे गुंतवळ घरात ठेवत नाहीत, थुंकून गुंडाळून लांब टाकतात, कुणी काही करणी करेल म्हणून. शेवटी आम्ही दोघी गोठ्याच्या कट्ट्यावर बसलो. मी अंधार पडेपर्यंत मान वर केली नाही. वनी मध्येच उठून चहा करून आली, म्हशीला पाणी दाखवून आली.

तिसरा दिवस

मावशींनी दोन्ही जुडगे पाण्यात बुडवले आणि झटकले. वनीचा सरळ लोंबला. माझा खालून एवढा गुरफटला की मावशींना कात्री घ्यावी लागली. मी घाईनं मूठमूठ केस एकदम उचलून लावले होते, त्यात काही उलटे गेले.

"तू वाचलंयस गं, लई वाचलंयस," त्या मला म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "पण ही हाताकडं बघत्या. मला एकच फळी हाय. हिला पाठवा." दहा ते पाच, सहा महिने, सुरुवातीला बसभाडं आणि वर थोडं. घरच्यांनी हो म्हटलं तर सोमवारपासून.

परतीच्या बसमध्ये वनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बोटांकडे बघत बसली होती. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आत्या म्हणाली की लोकांच्या गुंतवळीत हात घालणारी पोरगी कोण करून घेणार. मामा माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हाईस. तू बघून आलीयास. सांग, पाठवू का नको?"

घरात माझ्या शब्दाला वजन यावं म्हणून मी शिकले. ते त्या क्षणी आलं. मी म्हणाले, "गुंतवळ कुणाकुणाची असते काय माहीत, मामा. आजारी माणसाचीही असेल."

खोटं काहीच नव्हतं त्यात. पण सोडा घालून गरम पाण्यात दोनदा धुतात, ते मी गाळलं.

"मग ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले आणि विषय संपला. वनीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठली, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली. तिची बोटं भाकरीच्या कडेवरून फिरत होती, कुठं जाड आहे ते न बघता शोधत. मी ती बोटं बघत राहिले. मला ती कापून टाकावीशी वाटली आणि माझीच लाज वाटली. ज्या मुलींना मी वसतिगृहात जाऊन पुढं जा म्हणून सांगते, त्यातलीच एक समोर बसली होती आणि मी दार लावून घेतलं होतं.

मामा ओसरीवर होते, तिथं गेले. म्हटलं, केस दोनदा गरम पाण्यात सोडा घालून धुतात, मी स्वतः बघितलं. मी मघाशी ते सांगितलं नाही. त्यांनी का म्हणून विचारलं.

"मावशींनी मला नको म्हटलं, वनीला घेतलं. त्याचा मला राग आला, म्हणून."

मामा आत तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगं ऐकलंस का, बी.एस्सी.ला नापास केली आणि आपल्या वनीला पास केली!" आणि हसायलाच लागले. आत्या कुरकुरत राहिली, पण सोमवारचा डबा कशात द्यायचा हेही तिनंच विचारलं.

वनी मला नंतर मोरीपाशी भेटली. "तुला घेतलं असतं तर मी रोज डबा करून दिला असता, ताई," एवढंच म्हणाली आणि भांडी विसळत राहिली.

घरी

परतून दोन महिने झाले. मैत्रिणींना सांगावं लागलं की मला घेतलं नाही. आईनं बारीक फणी बाजूला ठेवली आहे, मी ओले केस बोटांनी सोडवते आणि फणीत आता झुबका येत नाही. हा प्रवास कुणाला करायचा असेल तर अवश्य करा: तीन दिवस, एक जोडी मऊ ओढण्या, आणि मावशींकडे जाताना वही नेऊ नका.

हेवा गेला का, असं विचाराल तर नाही गेला. रोज दहा वाजले की वनी आता फळीसमोर बसली असेल, हे आठवतं आणि टोचतं. मागच्या आठवड्यात तिनं पूर्ण केलेल्या पहिल्या गंगावनाचा फोटो पाठवला. एका नवरीसाठी केलेलं. मी फोटो मोठा करून, मोबाइल फिरवून फिरवून, एखादा तरी केस उलटा लागलाय का ते शोधलं. एकही सापडला नाही. मग तिला फोन लावला आणि इतके केस एका दिशेनं कसे राखलेस ते विचारलं. ती अर्धा तास सांगत होती. मी डोक्यातला एक केस उपटून चिमटीत धरला होता आणि ती सांगेल तसा अंगठा फिरवत होते.