पॅड भिजवायला पाणी

“रस्त्याला तहान लागली काय हो?” गोविंदमामा खिडकीतून असे ओरडले, की आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीची उरलेली एकुलती एक काच हादरली. आडत बाजारातली कबुतरंसुद्धा उडाली म्हणतात.

बाहेर टँकरवाला पाइप धरून हॉस्पिटलपुढच्या रस्त्याला आंघोळ घालत होता. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. त्याच्या कार्यक्रमाला पाहुणे येणार, धूळ उडायला नको. दुष्काळ असा, की नळ उघडला तर पाण्याऐवजी जांभई यायची.

आत मामांची बहीण सुशीला तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, देवणीला. पोर अडलं, ओढून काढताना मानेजवळच्या नसा ताणल्या. उजवा हात फडक्यासारखा लोंबायचा.

आमचं स्टिम्युलेटर म्हणजे हलका करंट सोडणारं खोकं. ते नस जोडत नाही. नस आपली आपण वाढते, गोगलगायही पुढं निघून जाईल अशा चालीनं. तोवर स्नायू सुकू नयेत म्हणून करंटनं त्यांना जागं ठेवायचं. पण कातडीवरची पॅड मिठाच्या पाण्यात भिजलेली लागतात, नाहीतर चटका बसतो. सलाईन म्हणाल, तर ते जुलाबाच्या वॉर्डालाच पुरत नव्हतं.

मी सुपरिटेंडेंट साहेबांकडे गेलो.

“सर, वाटीभर पाणी हवंय.”

“टँकर कार्यक्रमासाठी आहे.”

“पोराच्या हाताचा प्रश्न आहे, सर.”

“हात उद्याही असेल. पाहुणे आजच येणार.”

उद्या! ह्याच ‘उद्या’पायी ते पोर आधीही एसटीतून तसंच देवणीला परत गेलं होतं. माझ्या डोक्यावर त्या वेळी तवा ठेवला असता, तर भाकरी करपली असती.

परत आलो तर सुशीला फिरकीच्या तांब्याचं झाकण काढत होती. तळाशी परतीच्या प्रवासापुरतं पाणी.

“ताई, अंगावर पाजता तुम्ही. ते तुम्हाला लागंल.”

“वता, डॉक्टर. मी घरी जाऊन पिते.”

मी पाण्यात मीठ विरघळवून पॅड भिजवली. “आधी मला लावा!” मामा बाही सारून पुढं आले. देवणी जातीच्या वळूला वेसण घालणारा गडी, पण दंडाचं मांस उडालं तसा “आगं आई गं!” करत स्टुलावरून खाली. त्या दिवसांत सुशीला पहिल्यांदा हसली. मग करंट अगदी बारीक केला, पॅड पोराच्या दंडावर ठेवलं. कातडीखाली पापणी फडफडावी तसं काहीतरी हललं.

पुढं दर खेपेला देवणीहून पाणी आलं. मशीन सरकारी, पाणी घरचं.

पोळ्याच्या सुमारास पोरानं उजवा हात कोपरात वाकवला आणि मूठ तोंडात घातली. करंटनं, सुशीलानं घरी रोज हात हलवून घेतला त्यानं, की नसेनं आपणहून, ते मला विचारू नका. पोराला उचललं आणि थेट साहेबांच्या टेबलावर बसवलं. म्हटलं, “हाच तो हात. ह्यालाच तुम्ही वाटीभर पाणी दिलं नाही.”

साहेबांनी चष्म्यावरून पोराकडं पाहिलं.

“झाला ना बरा? मग तक्रार कशाची?”