मेलव्हिना आत्याची फुलं

आमच्या पिजन फोर्क खाणवस्तीच्या दफनभूमीत एक कबर अशी आहे, की जिच्यात कधी कुणी नव्हतंच. तरी गेल्या वर्षापर्यंत सगळ्यांत जास्त कागदी फुलं तिच्यावरच असायची. ती माझ्या मामाच्या, होबार्ट लायकिन्सच्या, मेलव्हिना आत्याची.

मामाला अशी आत्या नव्हती. संपाच्या वर्षी कोळशाच्या कंपनीने खाणकामगारांना घरांतून बाहेर काढलं. माणसं ओढ्याकाठी तंबूत राहायला गेली, तर कंपनीचे बंदूकवाले समोरच्या डोंगरावरून तंबूंवर गोळ्या झाडू लागले. तेव्हा युनियनने केंटकीहून रायफली पाठवल्या, त्या शवपेटीतून. स्टेशनावर ती, आत्याचा देह आला म्हणून सांगत, उतरवून घेतली मामाने आणि त्याच्या जोडीदाराने, ड्यूई स्टॅम्परने. आत काय आहे ते त्या दोघांनाच ठाऊक. बाकीच्या वस्तीने आत्याला रीतसर पोचवलं. खांदेकरी घामाघूम झाले तेव्हा मामा म्हणाला, आत्या खाऊनपिऊन सुखी होती. पाद्रीबुवा तिच्या सदाचारावर इतकं मन लावून बोलले की बायका रडल्या. मामाही रडला म्हणतात. कामात कुचराई करणं त्याच्या स्वभावातच नाही.

रडली नाही ती एकटी ओसीमामी. तंबूत आल्यावर तिने विचारलं, ही आत्या आपल्या लग्नाला कशी आली नाही? मग तिलाही सांगावं लागलं.

मे अखेरीस कबरी सजवायचा रविवार आला. त्या दिवशी सगळी वस्ती आपापल्या माणसांच्या कबरी साफ करते, फुलं वाहते आणि तिथेच गवतावर चादरी अंथरून जेवते. एकच कबर फुलांवाचून राहिली तर डोळ्यांवर येईल म्हणून मामीने आत्यालाही फुलं केली. जेवणं सुरू होतात तोच बंदूकवाले फावडी घेऊन आले. कुणाला काही न विचारता, इतक्या कबरी ओलांडून, ते सरळ आत्यापाशी गेले. मामीची फुलं बाजूला सारली आणि खणायला लागले.

रायफली गेल्या. मामाला बेड्या पडल्या. त्याच आठवड्यात त्यांनी तंबू फाडले, पिठाच्या पिंपांत रॉकेल ओतलं. उलट गोळी झाडायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. संप तिथेच मोडला.

मामी तुरुंगात भेटायला गेली तेव्हा गजांमागून मामाने पहिला प्रश्न केला, "कुणाला बोललीस?"

कुणालाच नाही, असं ती म्हणाली. "मग काय ड्यूईने सांगितलं?" असं म्हणून मामा हसला.

हसणारच. खाणीत ड्यूई पहारीने छत ठोकायचा, ते कोसळणार नाही ना हे आवाजावरून ताडायचा आणि "ये" म्हणायचा. मामा वर न बघता आत शिरायचा. बायकोवर असा विश्वास टाकायची पद्धत आमच्याकडे नाही.

खटल्यात ड्यूई कंपनीच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. डोक्यावर नवी हॅट. संपाच्या आधीपासून तो त्यांचाच माणूस होता. साक्ष संपेपर्यंत मामा त्या हॅटकडे बघत होता, असं आई सांगते. सुटून आल्यावर ड्यूईचं नाव त्याने कधी घेतलं नाही. तुरुंगात मामीला विचारलेल्या त्या प्रश्नाचा विषयही काढला नाही. मामी मात्र दर वर्षी रिकाम्या कबरीला फुलं करत राहिली, दर वर्षी जरा जास्त. आम्ही पोरं तिला चिडवायचो, मामी, आत्या तुझ्या नावावर काही ठेवून गेली का?

गेल्या वर्षी त्याच रविवारी एक वाकलेला, खोकणारा म्हातारा चढ चढून आला. हॅट हातात. त्या दिवशी आलेल्याला जेवल्याशिवाय परत पाठवत नाहीत. पण सगळ्यांचे घास थांबले.

मामा म्हणाला, "कुणी ओळखतं का याला?"

मामीने ताट भरलं. घेवडा, मक्याची भाकरी, कोंबडीची तंगडी. "जेवा, भावजी." मग मामाकडे वळली. "विचारा त्यांना."

"काय विचारू?"

"मला तुरुंगात विचारलंत ते."

मामा गवत उपटत राहिला. तेव्हा तिनेच विचारलं, "या कबरीचं मी कुणाला बोलले होते, भावजी?"

"नाही, वहिनी. मीच."

"जरा मोठ्याने. पाद्रीबुवांना कमी ऐकू येतं."

"मीच सांगितलं होतं," ड्यूई म्हणाला आणि खोकत बसला.

"हे मला कोर्टातच कळलं होतं," मामा पुटपुटला.

"मला कुठे कळवलंत?"

मामीने आत्याच्या कबरीवरची सगळी फुलं गोळा केली, टोपलीत भरली आणि माझ्या आईबरोबर चढ उतरून निघून गेली. मामा आणि ड्यूई तिथेच बसून राहिले. मध्ये वाळवलेल्या सफरचंदांचा केक होता. तो कापायला कुणीच हात लावेना.