जोग्याचं पद

बायकोला जे पद सगळ्यांत प्रिय आहे, ते ती माझ्यासमोर कधी म्हणत नाही. मी खोलीत आलो की गप्प होते. तिला कितपत ठाऊक आहे? मी विचारलेलं नाही. आणि मला जे ठाऊक आहे ते मी तिला सांगितलेलं नाही — तिलाच काय, आजवर कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो.

सदू आणि मी जयगडच्या खाडीकाठचे, एका वयाचे, एका शाळेतले. सदू बोलताना अडकायचा. त्यातून ‘प’ आला की संपलंच — ओठ मिटायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, शब्द आतल्या आत. मास्तरांनी त्याला विचारलं की उत्तर मी द्यायचो. दुकानात त्याला पोहे हवे असले तर मी मागायचो. "तू माझी जी-जीभ," म्हणायचा. मला ते ऐकायला बरं वाटायचं. का बरं वाटत होतं, ते तेव्हा उमगलं असतं तर? — नाही. उमगलं असतं तरी मी तेच केलं असतं.

पण गाताना सदू अडकत नसे. एकदाही नाही. गावच्या उत्सवात आम्ही पोरं नाटक करायचो. सदूला बोलायचं काम कोण देणार? म्हणून आमच्या भजनीबुवांनी खास त्याच्यासाठी एक जोगी घातला — यायचं, एक पद म्हणायचं, जायचं. पदही बुवांनीच रचलेलं. ‘पिवळ्या पंखांच्या पाखरा, परतुनी ये ना घरा.’ बघा, सगळा ‘प’च ‘प’. आणि सदूच्या गळ्यातून ते असं वाहायचं की माणसांच्या हातातल्या विड्या विझून जायच्या. मी त्याच नाटकात राजपुत्र होतो. पानंच्या पानं भाषणं होती मला. एकाला तरी आठवत असतील?

त्या वर्षी राजापूरचं एक कुटुंब देवीच्या दर्शनाला आलं होतं. त्यांची मुलगी वत्सला बायकांच्या बाजूला बसली होती. जोग्याचं पद सुरू झालं तशी ती नकळत उठून उभी राहिली. मागच्या बाईने पदर ओढून तिला खाली बसवलं. मी विंगेतून तिचा चेहरा पाहत होतो. तो चेहरा माझ्यासाठी नव्हता — आणि मला तोच हवा झाला.

मी आईकडे विषय काढला. पण तोवर वत्सलाच्या वडिलांचा निरोप सदूच्या घरी पोचलाही होता.

मुलगा पाहायला वडील आणि मामा आले. सदूच्या थोरल्या भावाने, आप्पाने, सगळं योजून ठेवलं होतं — सदूने पानाचं तबक आणायचं, नमस्कार करायचा, बोलणं आप्पा बघेल. लपवाछपवी होतीच, पण लग्नं जुळवताना कोण करत नाही? आदल्या दिवशी सदू माझ्याकडे आला. "बाजूला बस. मी अ-अडकलो तर तू बोल."

"हे काय सांगायला हवं?" मी म्हटलं.

ओटीवर सगळं सुरळीत चाललं होतं. निघता निघता वडील म्हणाले, "आमच्या वत्सूला ते जोग्याचं पद फार आवडलं हो. ऐकवता काय?"

सदूचा चेहरा उजळला. त्याने श्वास घेतला — आणि मी मध्ये पडलो. "घसा बसलाय त्याचा. चाल राहू दे, शब्दच इतके गोड आहेत! सदू, नुसते शब्द सांग त्यांना."

"हां, शब्द सांगा," मामा म्हणाले.

सदूने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता मी बोलेन. नेहमीसारखा. मी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरू लागलो.

"पि —" सदू म्हणाला. "पि... पि..."

आणि मी हसलो. सगळ्यांच्या आधी मी. मग मामा हसले. आप्पा खाली बघत राहिला. सदू थांबला नाही हो — तो बिचारा प्रयत्न करतच राहिला, घामाने निथळत, पुन्हा पुन्हा, जणू पहिला शब्द निघाला की बाकीचं सगळं नीट होणार होतं.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोललोही असतो. पाहुण्यांना खाडीवरच्या होडीपर्यंत पोचवायला मीच गेलो. वाटेत मामांनी विचारलं, "पण मग उत्सवात गात होता तो?"

"तो कसला गातोय? पडद्यामागून मी गायचो. तो नुसते ओठ हलवायचा."

आधी ठरवलं नव्हतं. पण जीभ जराही अडखळली नाही.

वर्षाच्या आत वत्सला माझ्या घरी आली. मला रत्नागिरीला कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही गाव सोडलं. ती पद म्हणा म्हणायची; मी आज सर्दी, उद्या दमलोय असं करत राहिलो. शेवटी एकदा म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. पद संपल्यावर ती म्हणाली, "चहा ठेवते." पुन्हा तिने कधी सांगितलं नाही.

सदू त्या ओटीनंतर गायला नाही. मुंबईला गिरणीत लागला. बऱ्याच वर्षांनी वाटणीच्या कामासाठी कचेरीत आला तेव्हा मला शोधत घरी आला. केस पिकले होते. वत्सलाचं माहेर कुठलं, हे त्याने ऐकलं असणारच. पण मनात काही ठेवून आला नव्हता. तिला कौतुकाने सांगत होता, "वहिनी, हा न-नसता तर शा-शाळेत माझं काय झालं असतं!"

वत्सला त्याच्याकडे निरखून बघत होती. मग तिने सरळ विचारलं, "भावोजी, उत्सवात जोगी तुम्हीच व्हायचात ना? तुम्ही गाता?"

तो तोंड उघडणार, तोच मी म्हणालो, "छे! सदू कुठला गातोय? ते मी म्हणायचो, पडद्यामागून."

सदूने माझ्याकडे पाहिलं. अगदी ओटीवर पाहिलं होतं तसं नव्हे — या वेळी त्याला सगळं समजलं. त्याला एक शब्द पुरला असता. कदाचित एक ओळ. त्याने वत्सलाकडे पाहिलं, तिच्याजवळ उभ्या आमच्या मुलीकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"हो," तो म्हणाला. न अडखळता.

मी त्याच्या बशीत आणखी एक लाडू वाढला.