स्ट्रेचरचं कापड

मेडशीजवळच्या मालेगावात आमचा ताडपत्र्या शिवायचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट शेड, जाड कापड शिवणाऱ्या काही मशीन आणि मागे कापडाचे गठ्ठे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासरे म्हणाले, "घरात बसून काय करशील? मशीन शिक." त्यांना आम्ही घरचे अब्बा म्हणतो, बाहेरचे सगळे चाचा. तेव्हापासून मी शिवतेच आहे. थ्रेशरची झाकणं, ट्रॉलीवरची पांघरुणं, हळद वाळत घालायच्या ताडपत्र्या.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक काकू बसतात. गावाच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा आहे. सकाळी वांगी-मेथी तोडून नवऱ्याला बाजारात धाडायचं आणि मग आमच्याकडे यायचं, हा त्यांचा नेम. त्यांचा मुलगा फौजेत आहे.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई सुरू झाली आणि काकूंच्या मुलाचा फोन लागेनासा झाला. काकू कामाला येत, पण मोबाइल मशीनवर, सुईच्या अगदी जवळ ठेवत. त्याच दिवसांत आम्हाला कापड पुरवणाऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्याचा अब्बांना फोन आला. त्याला सैन्याचं काम मिळालं होतं आणि हात कमी पडत होते. गाड्यांची झाकणं तातडीने हवी होती. अब्बांनी हो म्हटलं आणि गावचं सगळं काम थांबवलं.

शेतकऱ्यांना ते पटवून सांगणं सोपं नव्हतं. मेडशीचा एक जण दारात येऊन उभाच राहिला. "चाचा, माही हळद उघडी पडली हाय. आभाळ येऊन राह्यलं."

अब्बांनी स्वतःच्या गोदामावरची ताडपत्री काढून त्याच्या हातात दिली. "हे ने सध्या. नवी मंग देतो. फौजेचं काम हाय बाप्पा, थांबवता येत नाई."

शेडमध्ये सगळीकडे हिरवट मातकट कापड झालं. झाकणांचं काम आम्हाला अवघड गेलं नाही. ट्रॉलीचं असो की फौजी ट्रकचं, झाकण ते झाकणच. काकूही मन लावून शिवत होत्या.

मग दुसरा माल आला. नेहमीप्रमाणे काकूंनीच गठ्ठा सोडला. वर नमुना होता: माणसाच्या लांबीचं जाड कापड, दोन्ही कडांना दांडा जाईल अशा शिवलेल्या नळ्या, मध्ये बांधायचे पट्टे.

"हे काय होय, चाचा?"

अब्बांनी लपवलं नाही. "स्ट्रेचर. जखमी उचलाले."

काकूंनी नमुना घडी करून परत ठेवला, माठातलं पाणी घेऊन हात धुतले आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, पण त्या कापडाला त्यांनी हात लावला नाही. उरलेल्या झाकणांना रिंगा ठोकत बसल्या. मी माझी मशीन शेडच्या पार टोकाला नेली आणि काकूंकडे पाठ करून स्ट्रेचर शिवू लागले. आमच्यातलं बोलणं त्या दिवसांत चहापुरतं उरलं.

पहिले काही नग तयार झाले तेव्हा ते वजन घालून तपासायचे ठरले. नळ्यांत बांबू घातले. कुणीतरी म्हणालं, सोयाबीनचं पोतं ठेवू.

"पोतं कायले? मीच झोपतो," अब्बा म्हणाले, टोपी काढून कापडावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. आम्ही चौघांनी त्यांना उचललं. पांढरी दाढी, छातीवर हात, हलत नाहीत.

तेवढ्यात पलीकडून काकू ओरडल्या, "उठा चाचा! आधी उठा तुमी!"

"थांब ना," अब्बा डोळे न उघडताच म्हणाले, "मस्त वाटून राह्यलं."

आम्ही इतके हसलो की अब्बा खाली पडायचेच बाकी होते. काकूही हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्या उठल्या.

"मले झोपू द्या त्यात," म्हणाल्या.

आम्ही त्यांना उचललं. त्या पत्र्याकडे बघत पडून राहिल्या. "डोकं खाली लोंबते माय," त्या मला म्हणाल्या. "इथं दुहेरी कापड पाह्यजे. कोनाचा तरी लेक झोपन यात."

अब्बांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, नमुन्यात नाही ते काही करू नका, माल परत येईल. काकूंना राग आला. "त्याले झोपवा एकदा यात," एवढं म्हणून त्यांनी आपली मशीन ओढत माझ्या शेजारी आणली. मग नमुन्यात होतं तसंच, पण एकेक टाका दाबून पाहत, आम्ही दोघी स्ट्रेचर शिवत राहिलो.

लढाई थांबल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा मोबाइल वाजला. मशीन बंद झाल्या. पलीकडून आवाज आला, "आई, जेवली काय?"

"जेवली बापा," काकू म्हणाल्या. त्या जेवल्या नव्हत्या; डबा तसाच होता.

व्यापाऱ्याने कळवलं, झालेला माल पाठवा, पुढचं थांबवा. आम्ही पुन्हा ताडपत्र्यांना लागलो. मेडशीवाल्याची सगळ्यांत आधी शिवली.

काही महिन्यांनी काकूंचा मुलगा सुट्टीवर आला आणि आईला न्यायला शेडवर आला. कोपऱ्यात स्ट्रेचरचा तो नमुना पडला होता. तो वाकून त्याच्या नळीवरून हात फिरवत राहिला. "हे तुमी शिवता?"

"शिवत होतो," मी म्हणाले. ते कुठवर पोचले, कुणाच्या कामी आले, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि चहा पुढे केला. त्याने उभ्यानेच घेतला. मग काकू अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसल्या, त्याच्या खांद्यावर घट्ट हात ठेवून, आणि दोघं मळ्याकडे गेली.